पोपटाच्या पायाला रेल्वेचं तिकीट

येडशी, शुक्रवार, ता. १४ एप्रिल १९६१

चिरंजीव सादिक आणि लाडकी नातसून नसीमबी यांना दादी अजीजाबीची भरभरून दुआ, आणि माझ्या गुलबानोच्या दोन्ही गालांना, दोन्ही हातांना आणि खास करून दोन्ही पायांना माझे मुके पोचते करावेत. इथं सगळी खैरियत आहे. माझे गुडघे बसताना एक बोलतात आणि उठताना दुसरंच, तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत. पत्र महालिंगप्पा लिहीत आहेत, आपल्या स्टेशनातले तिकीटबाबू, ज्यांना पेन्शनीत निघून तीन वर्षं झाली तरी गाडीच्या वेळेला कोट चढवल्याशिवाय राहवत न्हाय. त्यांनी सवयीनं कागदाच्या डोक्यावर श्री काढला. मी म्हटलं, शेजारी आमचं सातशे शहाऐंशीही काढा. आता दोघं फलाटावरच्या एका बाकावर बसल्यासारखे दिसतात. मला वाचता येत न्हाय, पण बघता येतं.

तुझं पत्र परवा पोचलं. महालिंगप्पांनी दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं. तू लिहितोस की दादी, तुम्ही नको म्हणालात म्हणून गुलबानोच्या पायांचं प्लास्टर आम्ही काढून टाकलं, त्याला सव्वा महिना झाला, पाय परत आत वळले आहेत, तळवे एकमेकांकडं बघतात. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला आहे की येत्या मंगळवारी पोरीला आणलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल, हाडं अजून कोवळी आहेत, पुढं अवघड होत जाईल. आणि शेवटी विचारतोस की मालिश करायला तुम्ही येता, का आम्ही मंगळवारी दवाखान्यात जाऊ? तुम्ही म्हणाल तसं. (हे 'तुम्ही म्हणाल तसं' तू लहानपणी एकदा जरी म्हणाला असतास तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते. आई गेल्यापासून तू माझ्या हाताखाली वाढलास, पण ऐकायला लागलास तो नेमका नको तेव्हा.) ह्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याच्याआधी तुला एका पोपटाची हकीकत ऐकावी लागेल, आणि मधलं गाळून शेवट वाचायचा न्हाय, ती तुझी खोड मला ठाऊक आहे.

झालं असं की ईदनंतर चार दिवसांनी वाऱ्यानं मालधक्क्याजवळच्या पिंपळाची फांदी मोडली आणि ढोलीतलं पोपटाचं पिल्लू खाली आलं. ते आपल्या शेजारच्या मथुराबाईंना सापडलं. त्यांच्या घरात मांजर, म्हणून त्यांनी ते पदरात घालून माझ्याकडं आणलं. पिल्लू कसलं, अंगावर पिसांचे नुसते खुंट, आठ दिवस दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारखं, आणि अर्धं अंग पोट, अर्धं अंग चोच. ठेवायचं कशात? टोपलीत ठेवावं तर टोचेल, पाटीत ठेवावं तर पाटी शेणाची. मग मला माझं लग्नातलं पितळी पानदान आठवलं. दात गेल्यापासून ते रिकामंच होतं. मी ते चिंचेनं घासून आरशासारखं लख्ख केलं आणि पाहुण्याला आत बसवलं. रोज सकाळी पिल्लू बाहेर, पानदान लख्ख, पिल्लू आत. स्वच्छतेत माझा हात कोण धरील? पानदानात राहायचं आणि दुसऱ्याच्या हातानं दूधभात खायचा, म्हणून त्याचं नाव नवाब पडलं.

आठवडा गेला आणि बघते तर नवाबाचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना फाकलेले, पोट पितळेवर टेकलेलं, आणि दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी आत वळलेली. चालायला गेला की वाटे पोहतो आहे. मथुराबाईंनी मीठमिरच्या घेऊन दृष्ट काढली, त्यात नवाब इतका शिंकला की दृष्टीचं माहीत न्हाय, पण नाक मोकळं झालं. मी दर्ग्यातला काळा दोरा आणून त्याच्या गळ्याशी ठेवला, तो त्यानं गिळायला घेतला. मग मथुराबाईंच्या ध्यानात आलं की त्याची दोन बोटं पुढं आहेत आणि दोन मागं. त्या म्हणाल्या, खरा दोष हा आहे, कोंबडीला बघा, तीन पुढं असतात. म्हणून एक अख्खा दिवस आम्ही दोघी पाळीपाळीनं त्याचं मागचं एक बोट ओढून पुढं आणत होतो. पोपटाची बोटं जन्मापासून तशीच असतात हे आम्हाला महालिंगप्पांनी झाडावरचे पोपट दाखवून सांगितलं. साठ-पासष्ट वर्षं पोपट बघत आलो, पण त्याच्या पायाकडं बघायची दोघींनाही फुरसत मिळाली नव्हती.

एवढं सगळं झाल्यावर मी माझ्या हातावर आले. तुला ठाऊकच आहे, ह्या येडशीतल्या निम्म्या पोरांच्या तंगड्या माझ्या ह्या दोन पायांवर निजून सरळ झालेल्या आहेत. (महालिंगप्पा म्हणतात, निम्म्या लिहू की पुष्कळ लिहू. निम्म्या लिहा.) तिळाचं तेल कोमट केलं आणि दिवसातून दोनदा नवाबाच्या पायांना चोळायला लागले. आणि बेटा, काय सांगू, हातात धरलं की बोटं सुरेख सरळ व्हायची, पाकळ्यांसारखी उघडायची. मी मथुराबाईंना बोलावून दाखवायची. त्या बघेपर्यंत मी हात काढलेला असायचा आणि बोटं परत मुठीत. पुन्हा धरावं, पुन्हा सरळ. पुन्हा सोडावं, पुन्हा वाकडं. मला वाटलं तेल कमी पडतंय, म्हणून तेल वाढवलं. आता पितळ लख्ख, पाय तेलकट, आणि वर बसणाऱ्याला बळ न्हाय. नवाब पानदानात एका जागी असा फिरायला लागला की जणू जत्रेतला पाळणा.

अशा वेळी खाजाभाई चहाला आले. खाजाभाई म्हणजे आपले नालबंद, नसीमबीला ठाऊक नसतील म्हणून सांगते. तुझे दादाजान स्टेशनवर टांगा हाकत होते तेव्हा इथं अकरा टांगे उभे असायचे आणि चव्वेचाळीस खुरांची काळजी ह्या एका माणसाला होती. आता उतारू उतरतात ते मोटारीच्या फाट्याकडं पळतात, टांगे राहिलेत दोन, आणि खाजाभाई बादल्यांना कड्या बसवून देतात. त्या माणसानं चहाची बशी खाली ठेवली, नवाबाला उचललं आणि सवयीनं त्याच्याकडं पाठ करून, त्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरायला गेले. घोड्याला तसंच धरतात. मग लक्षात आलं की असं धरलं तर पोपट सापडायचाच न्हाय. तेव्हा समोर घेतला, दोन बोटांत तो पाय उलटा केला आणि तळवा बराच वेळ बघत राहिले, जसं काही आता नाल कुठल्या मापाचा लागेल ते ठरवायचं आहे.

मग त्यांनी माझं पानदान पालथं करून बाजूला सरकवलं आणि म्हणाले, घोड्याचं शिंगरू जर कुणी तेल ओतलेल्या फरशीवर बांधलं तर त्याचेही पाय असेच फाकतील. खाली खरबरीत पाहिजे, नखं रोवायला काहीतरी पाहिजे. मी म्हटलं, ते जाऊ द्या, मी रोज मालिश करते. तेव्हा जे बोलले ते मी महालिंगप्पांना जसंच्या तसं लिहायला सांगते आहे, माझी अब्रू जाते तर जाऊ दे.

"भाभी, हातात सरळ होतो, म्हणजे हाड चांगलं आहे. सोडला की वळतो, म्हणजे त्याला दिवसभर कुणीतरी धरून ठेवायला पाहिजे. तुम्ही किती वेळ धरून बसणार?"

मी म्हटलं, ह्याच हातानं गावातली निम्मी पोरं सरळ केली.

"ती वाकडी नव्हतीच. सगळ्याच पोरांचे पाय पोटात दुमडलेले असतात, वर्षभरात आपोआप सुटतात. तेल तुमचं गेलं, नाव तुमचं झालं."

मी तीन दिवस पुरेल एवढा राग एका घोटात गिळला आणि त्यांना दुसरा चहा दिला न्हाय.

पण तो माणूस कामाला लागला. शिंगराचा पाय मुडपला तर ते बांबूच्या कामट्या बांधतात, पण नवाबाच्या पायाला कामटी म्हणजे तुळई झाली असती. पुठ्ठा पाहिजे, पण जाड, ओला झाला तरी न वाकणारा. तेव्हा महालिंगप्पांनी कोटाच्या खिशातून रेल्वेची तिकिटं काढली. (खिडकीवर बाद झालेली जुनी तिकिटं हे उचलून आणतात आणि घरी चळत लावून ठेवतात. का, ते विचारू नकोस, मीही विचारलं न्हाय. माणसानं आपल्या धंद्याचं काहीतरी जवळ ठेवावं.) खाजाभाईंनी दोन तिकिटं कापून दोन छोटे तळवे केले, त्यावर एकेक बोट सरळ पसरून, माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीच्या चिंध्यांनी बांधलं, वर खळ लावली. दोन पायांच्या मध्ये लोकरीचा धागा घातला, घोड्याला पायबंद घालतात तसा, पण सैल, म्हणजे पाय अंगाखाली राहतील. टोपलीत गोणपाट घालून त्यावर त्याला ठेवला. पाय काही जमेनात, एक इकडं ओढतो, एक तिकडं. महालिंगप्पांनी चष्मा लावून बघितलं तर एका पायाला येडशी ते बार्शी, दुसऱ्याला येडशी ते लातूर. ते म्हणाले, मग पाय एका दिशेला कसे जातील. आम्ही हसलो, पण खाजाभाई हसले न्हाईत. त्यांनी लातूरचं सोडलं आणि दुसरं बार्शीचं मागून घेऊन परत बांधलं. कामात कसूर नको म्हणाले.

आता जे सांगते ते हळू वाच, नसीमबीलाही वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नवाब जो ओरडायला लागला तो दुपारपर्यंत थांबेना. खाईना, पिईना, चोचीनं तिकीट ओढायचा, आणि माझ्याकडं बघून ओरडायचा, दुसऱ्या कुणाकडं न्हाय, माझ्याकडंच. मथुराबाई म्हणाल्या, मुक्या जिवाला बांधलं, पाप लागेल. मला तेवढंच निमित्त पुरलं. मी वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात त्याचे पाय भिजवले, खळ सुटली, सगळं सोडून टाकलं. (कोमट पाण्यानं, बेटा. तुम्हाला तरी प्लास्टर तसं भिजवून काढायला कुणी शिकवलं होतं?) तो लगेच गप्प झाला, माझ्या हातात झोपला. आणि मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःला लई मोठी मायाळू समजले. संध्याकाळपर्यंत बोटं होती त्याहून घट्ट मिटली.

खाजाभाई आले, टोपलीत बघितलं, ओली तिकिटं उचलून खिशात घातली आणि निघून गेले. दोन दिवस माझ्या दारावरून जाताना त्यांचं लक्ष सिग्नलकडं. गाडी नसतानासुद्धा. तिसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि त्यांच्या भात्यापर्यंत चालत गेले. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्याकडं काही मागायला गेले न्हाय, तेच यायचे. मी म्हटलं, खाजाभाई, माझं चुकलं, परत बांधा. त्यांनी विचारलं, परत सोडाल का? मी म्हटलं, सोडावंसं तर वाटणारच. वाटलं की तुम्हाला हाक मारीन, तुम्ही येऊन माझे हात धरा. तेव्हा कुठं तो माणूस उठला.

त्याच्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घराचं स्टेशन झालं होतं. दूधभात बंद करून खाजाभाईंनी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, अंड्यातला पिवळा बलक आणि कवचाची चिमूटभर पूड असं वाटून घालायला लावलं. दर तिसऱ्या दिवशी जुनं तिकीट काढून नवं. मी एकदा म्हटलंही, सारखं सारखं कशाला, एकदाच पक्कं बांधा. चौथ्या दिवशी त्याचं कारण कळलं. एक दिवस उशीर झाला तर धागा रुतून पाय लाल झाला होता, कारण पिल्लू वाढतं, धागा वाढत न्हाय. मी त्या मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, दर आठवड्याला नवं प्लास्टर म्हणजे दवाखान्याला चुन्याचा शौक दिसतोय, ते वाक्य मला त्या दिवशी एकटीला बसून आठवलं. (महालिंगप्पांना विचारलं, तुम्ही ते लिहिलंत कसं, मला अडवलं का न्हाय. म्हणाले, मी तिकीट देणारा, उतारूनं कुठं जायचं ते मी सांगत नसतो.)

आणि बांधताना पाय धरायचं काम माझं. खाजाभाईंचे हात बांधण्यात गुंतलेले, मथुराबाई डोळे मिटून घेणार, मग राहिलं कोण. पहिल्यांदा मी घाबरत धरलं, दुखेल म्हणून. तो जिवाच्या आकांतानं ओरडला. तिसऱ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं की घट्ट धरलं म्हणून तो ओरडत न्हाय, कच्चं धरलं म्हणून ओरडतो. बिचाऱ्याला कळत नसतं की धरलंय का पाडतायत. मग मी अंगठ्याखाली त्याचं पोट ठेवलं, दोन बोटांत पाय घेतला आणि हलले न्हाय. त्याचं काळीज माझ्या अंगठ्यावर टकटक करत होतं, ते हळूहळू संथ झालं. शेवटच्या दोन खेपांना तर तो चक्क माझ्या हातात पेंगत होता आणि घाम खाजाभाईंना.

काल सकाळी तिकिटं काढली. नवाब गोणपाटावर उभा राहिला, पडला, मला शिवी दिल्यासारखं काहीतरी बोलला, आणि परत उभा राहिला. दोन्ही पाय अंगाखाली. डाव्या पायाचं एक बोट जरा वाकडं राहिलंय, खोटं सांगत न्हाय, खाजाभाई म्हणतात ते तसंच राहील आणि त्यानं त्याचं काही अडणार न्हाय. मी बोट पुढं केलं. त्यानं एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि बोट धरलं. बेटा, धरलं म्हणजे असं धरलं की नखं उमटली. मथुराबाई रडल्या. मी रडले न्हाय, मी कांदा चिरत होते.

तर अशी ही पोपटाची हकीकत. त्याच्यातून काय घ्यायचं ते तुझं तू घे. तू शिकलेला आहेस, गिरणीत तुझ्या हाताखाली माणसं आहेत, पोरगी तुझी आहे. मी आता कुणाला सल्ला द्यायचा न्हाय असं ठरवलं आहे, विशेषतः पायांच्या बाबतीत. नसीमबीनं बाळंतपणाचं अंग जपावं, वारं घेऊ नये, मेथी खावी, आणि तू तिच्यावर आवाज चढवू नयेस. (हा सल्ला न्हाय, हा हुकूम आहे.) मोठ्यांना सलाम, धाकट्यांना दुआ, आणि पत्र मिळाल्याची दोन ओळींची का होईना पोच धाडावी, म्हणजे महालिंगप्पांना कोट घालायला कारण होईल.

तुझी दादी,
अजीजाबी
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा, उजव्या हाताला नवाबानं चावलं आहे)

ता. क. मंगळवारी पोरीला दवाखान्यात न्यायचं. ठरलं म्हणजे ठरलं. डॉक्टरीणबाई रागावल्या की मधेच का काढलंत, तर मान खाली घालून उभं राहू नकोस. सांग, आमच्या दादीनं सांगितलं होतं, उपाशी रोज्याच्या दिवशी, काही माहीत नसताना. वाटलं तर बोट दाखवून सांग, कारण मी तिथंच बसलेली असेन. सोमवारच्या मोटारीनं येते.

ता. क. दुसरा. मालिश करायला येत न्हाय. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की प्लास्टर घालताना गुलबानो किंचाळली तेव्हा नसीमबी बाहेर पळाली आणि तू भिंतीकडं तोंड करून उभा होतास, पाय परक्या नर्सनं धरले. तेवढं एक मला मागायचं आहे, त्यासाठीच एवढं लांबण लावलं. डॉक्टरीणबाईंना विचार, किती आठवडे लागतील ते लागू देत, दर खेपेला पाय धरायला ह्या म्हातारीला आत बसू देतील का. माझा हात हलत न्हाय. खाजाभाई साक्ष देतील.

ता. क. तिसरा, हा लिहिणाराचा स्वतःचा. घरात कांदा नव्हता. कळावे, महालिंगप्पा.

ता. क. चौथा. ह्यांनी वर काय खरडलं ते वाचून दाखवत न्हाईत, म्हणजे काहीतरी माझ्याविरुद्ध असणार, ते सोडून दे. माझं मागचं पत्र फाडून टाक असं सांगणार होते. पण नको, ठेव. पोरगी मोठी झाली की तिला एकदा वाचून दाखव, की ह्या म्हातारीनं तुझे पाय वाकडेच ठेवायला सांगितले होते. तिला राग आला तर तिनं धावत येऊन मला एक लाथ घालावी. चांगली जोरात, आणि सरळ पायानं.